पूर्ण इमारतीचं हीटिंग-कूलिंग बदलणार आहेत, घराची तयारी कशी करायची?

प्रश्न: न्यू जर्सीत फोर्ट लीला सत्तरच्या दशकातल्या एका उंच को-ऑप, म्हणजे सहकारी मालकीच्या, इमारतीत आमचं दोन बेडरूमचं घर आहे. एप्रिलपासून सगळ्या घरांतली खिडकीखालची हीटिंग-कूलिंग युनिट आणि भिंतीतले उभे पाइप बदलणार असल्याचं मॅनेजमेंटचं पत्र आलं आहे. पत्रात 'युनिटभोवतीची जागा मोकळी ठेवा' एवढंच लिहिलंय. घरात चार वर्षांची मुलगी आहे आणि त्याच सुमारास आई-बाबा सांगलीहून येणार आहेत. नेमकी काय तयारी करावी? त्यांची तिकिटं पुढे ढकलावीत का?

उत्तर:

तिकिटांचं आधी सांगतो, कारण त्यात उशीर करून चालत नाही. हो, पुढे ढकला. तुमच्या घरात काम चालू असेल तेव्हा भिंत उघडी असेल, ना धड हीटिंग ना कूलिंग, दिवसभर ड्रिलचा आवाज आणि सकाळी आठपासून अनोळखी माणसांची ये-जा. वयस्कर माणसांना जेटलॅग उतरायच्या आत त्या धबडग्यात बसवू नये. मात्र नवी तारीख ठरवताना पत्रातला 'एप्रिल' धरू नका. तो इमारतीतल्या पहिल्या लाइनीचा असतो. लाइन म्हणजे एकावर एक असलेल्या खोल्यांतून जाणारा उभ्या पाइपांचा एक संच. तुमची लाइन कधी, हे मॅनेजमेंटला ईमेलवर विचारा आणि दोन तारखा वेगवेगळ्या मागा: भिंत कधी फोडणार, आणि युनिट चालू करून भिंत कधी बंद करणार. दुसऱ्या तारखेत आणखी दोन आठवडे मिळवा आणि मगच विमान कंपनीला फोन करा.

मी वर्षानुवर्षं हडसन नदीच्या दोन्ही काठांवरच्या उंच इमारतींत पाइप आणि फॅन कॉइल, म्हणजे खिडकीखालची ही युनिट, बदलायच्या कामांवर देखरेख केली आहे. त्यावरून एक गोष्ट ठामपणे सांगतो. लोक तयारी करतात ती आपल्या घरापुरती. काम मात्र घराचं नसतं, लाइनीचं असतं. हे एकदा डोक्यात बसलं की काय विचारायचं, काय हलवायचं आणि कधी अडून बसायचं, हे आपोआप समजत जातं.

अशा जुन्या टॉवरमध्ये बहुतेक ठिकाणी दोन पाइपांची पद्धत असते. तळघरात किंवा गच्चीवर बॉयलर आणि चिलर. तिथलं पाणी उभ्या पाइपांतून, म्हणजे रायझरमधून, मजल्यामजल्यावर जातं. एका पाइपाने येतं, दुसऱ्याने परत जातं. हिवाळ्यात त्याच पाइपांत गरम पाणी असतं, उन्हाळ्यात साधारण ४५ फॅरनहाइटचं, म्हणजे सात सेल्सिअसच्या आसपासचं थंड पाणी. खिडकीखालच्या पेटीत तांब्याच्या नळ्यांची जाळी असते आणि तिच्यावर हवा फेकणारा पंखा. पेटीच्या तळाशी एक उथळ ताट असतं, ड्रेन पॅन. थंड जाळीवर हवेतला ओलावा जमून ठिबकतो, तो या ताटात पडतो आणि एका बारीक नळीने निघून जातो. हे ताट लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत यायचंय.

युनिट बदलून भागत नाही, पाइपही का बदलावे लागतात, हे बाहेर काढलेला तुकडा पाहिला की कळतं. पाइपावरचं इन्सुलेशन पन्नास वर्षांत जागोजागी फाटलेलं असतं. जुलैच्या दमट हवेत सात सेल्सिअसचा लोखंडी पाइप उघडा पडला की त्याला घाम फुटतो. ते पाणी इन्सुलेशनखाली अडकून राहतं आणि पाइप बाहेरून कुजत जातो. जिथे आटे पाडून जोड दिलेला असतो तिथे पत्रा मुळातच पातळ असतो, म्हणून गळती बहुतेक तिथूनच सुरू होते. आतल्या बाजूला काळा गाळ बसून पाण्याची वाट अरुंद झालेली असते. वरच्या मजल्यांवर खोली गार होत नाही, तक्रारी येतात, त्यामागे पुष्कळदा हे असतं. तेव्हा को-ऑपच्या बोर्डाने, म्हणजे कमिटीने, रायझरसकट काम काढलं असेल तर तो निर्णय योग्य आहे. नुसती युनिट बदलून जुन्या पाइपांना जोडली असती तर काही वर्षांत तीच भिंत पुन्हा फोडायची वेळ आली असती.

आता लाइनीचं. तुमच्या हॉलच्या खिडकीखालून जाणारा रायझर तुमच्या वरच्या आणि खालच्या सगळ्या हॉलमधून जातो. जुने व्हॉल्व्ह बहुधा पूर्ण बंद होत नाहीत, त्यामुळे एका घरापुरतं पाणी थांबवता येत नाही. संपूर्ण लाइन रिकामी करावी लागते. मग भिंती उघडायच्या, जुना पाइप कापायचा, नवा चढवायचा, दाबाची चाचणी घ्यायची आणि शेवटी लाइन भरायची. यात एका घराचं दार उघडलं नाही किंवा भिंतीसमोरचं कपाट हललं नाही, तर सगळ्या मजल्यांचं काम तिथे अडतं. एका कामावर मधल्या मजल्यावरच्या एका घरात भिंतीला ठोकून बसवलेलं पुस्तकांचं शेल्फ होतं. ते कोणी काढायचं, यावर घरमालक आणि मॅनेजमेंटची पत्रापत्री चालू राहिली आणि वरखालच्या शेजाऱ्यांची पोरंबाळं तेवढे दिवस थंडीत बसली. शेल्फ काढायला सुताराला अर्धा दिवसही लागला नाही.

याची दुसरी बाजू तुमच्या फायद्याची आहे. दोन बेडरूमच्या घरात बहुतेक एकाहून जास्त रायझर असतात: हॉलचा एक, बेडरूमचा दुसरा, कधी तिसराही. ते वेगवेगळ्या लाइनींत येतात, म्हणजे तुमच्या घरात काम एकदा होणार नाही, दोन-तीनदा होईल आणि मध्ये खंड पडतील. कोणती खोली कोणत्या लाइनीत, हे विचारून घ्या आणि घरातल्या घरात मुक्काम हलवायची योजना करा. बेडरूमची लाइन चालू असेल तेव्हा सगळ्यांचे बिछाने हॉलमध्ये, हॉलची असेल तेव्हा टीव्ही, मुलीची खेळणी, ऑफिसचं टेबल बेडरूममध्ये. भिंत फोडण्यापासून पुट्टीवर प्रायमरचा हात लागेपर्यंत दर खोलीमागे दोन-तीन आठवडे धरून चाला. रोज काम चालणार नाही. बरेच दिवस भिंत नुसती उघडी राहील आणि कोणी फिरकणार नाही. तेव्हा चिडून सुपरला, म्हणजे इमारतीची देखभाल पाहणाऱ्या माणसाला, फोन करण्याआधी लाइनीत वरखाली काय चाललंय ते विचारा, बहुधा उत्तर तिथे सापडतं.

पत्र हातात पडल्यापासून पहिल्या आठवड्यात करायचं काम म्हणजे विचारणा. यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न अ‍ॅस्बेस्टॉसचा, म्हणजे जुन्या बांधकामात वापरलेल्या, श्वासातून आत गेल्यास घातक ठरणाऱ्या तंतुमय खनिजाचा. सत्तरच्या दशकातल्या इमारतीत पाइपांच्या कोपऱ्यांवरचा लेप, जुन्या नऊ इंची फरशा आणि भिंतीच्या सांध्यांतली पुट्टी या तिन्हींत तो असू शकतो. अशा पुट्टीवर अमेरिकेत १९७७ साली बंदी आली, त्याआधीच्या भिंती संशयितच धराव्यात. नमुने तपासल्याचा अहवाल मॅनेजमेंटकडे असतो, त्याची प्रत मागा. अहवालात अ‍ॅस्बेस्टॉस आढळला असेल तर तो काढायचं काम परवाना असलेल्या वेगळ्या कंत्राटदाराचं आहे. ते चालू असताना त्या भागात तुम्ही असता कामा नये आणि हवा तपासून स्वच्छ ठरल्याशिवाय परतायचंही नाही. 'आधी जरा बघू' म्हणून स्वतः पेटीमागचं इन्सुलेशन ओढू नका, भिंतीत खिळा काढायलाही जाऊ नका.

दुसरा प्रश्न शिशाचा, आणि तुमच्याकडे चार वर्षांची मुलगी असल्यामुळे तो मी अ‍ॅस्बेस्टॉसइतकाच गंभीर मानतो. घरासाठीच्या रंगांत शिसं वापरायला अमेरिकेत १९७८ साली बंदी आली. त्याआधीच्या घरात रंगवलेला पृष्ठभाग फोडायचा असेल तर कंत्राटदाराला केंद्र सरकारच्या पर्यावरण संस्थेचं, म्हणजे ईपीएचं, प्रमाणपत्र लागतं आणि काम सुरू होण्यापूर्वी 'रिनोव्हेट राइट' नावाची पुस्तिका रहिवाशांना द्यावी लागते. तपासणीत रंग शिसेमुक्त ठरला असेल तरच यातून सूट मिळते. ती पुस्तिका मिळाली नसेल तर का नाही, ते विचारा. सहा वर्षांखालच्या मुलांच्या शरीरात शिसं सहज शोषलं जातं आणि त्याचा परिणाम मेंदूच्या वाढीवर होतो. त्यामुळे भिंत फोडायच्या आणि पुट्टी घासायच्या दिवशी मुलीला पूर्ण दिवस बाहेर ठेवा: डे-केअर, मैत्रिणीचं घर, लायब्ररी, जे जमेल ते. संध्याकाळी घर पुसून झाल्यावरच तिला आत आणा.

सफाईबद्दल इथेच सांगून टाकतो. या धुळीला झाडू लावू नका. झाडूने आणि साध्या व्हॅक्यूमने बारीक कण हवेत उडतात आणि तासन् तास तरंगत राहतात. हेपा फिल्टरचा, म्हणजे अगदी बारीक कणही अडवणारा, व्हॅक्यूम आणि मग ओलं फडकं, फडक्याचं पाणी दर खोलीला बदलायचं. कंत्राटदाराने रोजची सफाई करणं अपेक्षित असतं, पण त्यांच्या सफाईनंतर एक हात आपला फिरलाच पाहिजे.

आता सामान. 'युनिटभोवती मोकळी जागा' म्हणजे किती, हे फुटांत विचारा. मी नेहमी चार फूट सांगतो, शिवाय मुख्य दारापासून तिथपर्यंत तीन फूट रुंद वाट. नवं युनिट मोठं आणि जड असतं, दोन माणसं ते उचलून वळताना कोपऱ्यावरची शोकेस आणि भिंतीवरच्या तसबिरी हमखास आड येतात. पडदे आणि पडद्यांचे रॉड काढून ठेवा. आपल्याकडे खिडकीखालच्या त्या पेटीवरच तुळशीची कुंडी, फोटो, पुष्कळ घरांत देव्हारासुद्धा असतो. देव स्वतःच्या हाताने हलवा आणि ज्या खोलीत काम नाही तिथे मांडा. कामगार आदराने वागतात, पण काय कसं धरायचं हे त्यांना माहीत नसतं, आणि घाईत कुणाला दोष देण्यात अर्थ नाही. दागिने, पासपोर्ट, इमिग्रेशनचे कागद बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा किंवा रोज बरोबर न्या. मसाल्याचा डबा आणि पिठाचे डबे झाकणं घट्ट लावून कपाटात ठेवा, ओट्यावर काही उघडं नको. काम चालू नसलेल्या खोल्यांची दारं बंद ठेवून खालच्या फटीत टॉवेल लावा.

भिंतीला जोडून काही करून घेतलं असेल, म्हणजे खिडकीखाली बसवलेली लाकडी बैठक, युनिटवरचं सजावटी कव्हर, वॉलपेपर, टाइल, लॅमिनेट फ्लोअरिंग, तर ते आजच तपासा. को-ऑपमध्ये भिंतीतले पाइप साधारणपणे इमारतीच्या जबाबदारीत येतात. पण तुम्ही किंवा तुमच्या आधीच्या मालकाने केलेली सजावट काढण्याचा आणि परत बसवण्याचा खर्च बहुतेक प्रोप्रायटरी लीजमध्ये, म्हणजे को-ऑपशी झालेल्या तुमच्या घराच्या करारात, रहिवाशावर टाकलेला असतो. इमारत भिंत 'बिल्डिंग स्टँडर्ड'ला आणून देते, म्हणजे सपाट ड्रायवॉल आणि प्रायमर. शेवटचा रंग त्यात धरला आहे का, हे लीजमध्ये आणि पत्रात दोन्हीकडे पाहा. सुतार आत्ताच ठरवा, एप्रिलमध्ये सगळ्या लाइनीला एकदम सुतार लागतो.

सामान हलवायच्या आधी सगळ्या खोल्यांचा व्हिडिओ काढा. हॉलची फरशी कोपऱ्याकोपऱ्यांतून, खिडकीची चौकट, काच, छत, आधीपासून असलेले डाग आणि ओरखडे, सगळं बोलत बोलत टिपा आणि तो स्वतःलाच ईमेल करा, म्हणजे तारखेचा वाद उरत नाही. घराचा विमा, ज्याला इथे एचओ-६ म्हणतात, त्या कंपनीला काम होणार असल्याचं कळवा. कंत्राटदाराच्या विम्याचं प्रमाणपत्र मॅनेजमेंटकडे असतं, ते पाहायला मागणं हा तुमचा हक्क समजा.

नव्या युनिटचं मापपत्रकही आधी मागून घ्या. नवी पेटी जुन्यापेक्षा दोन-तीन इंच जास्त पुढे येत असेल तर पलंगाची जागा, पडद्याची लांबी, टेबलाची खोली सगळंच बदलतं. हवा वरून बाहेर पडते की समोरून, तेही बघा. वरून पडत असेल तर लांब पडदे पुन्हा लावता येणार नाहीत, ते हवा अडवतील आणि जुलैत काचेवर पाणी साचेल. थर्मोस्टॅट कुठे लागणार हे काम सुरू होण्यापूर्वी सांगून घेता येतं, भिंत बंद झाल्यावर नाही. दुकानातला स्मार्ट थर्मोस्टॅट लावायची हौस असेल तर आधी व्होल्टेज विचारा. जुन्या आणि काही नव्या फॅन कॉइलना थेट १२० व्होल्टचा थर्मोस्टॅट असतो. त्या तारांना २४ व्होल्टचं उपकरण जोडलं तर ते जळतं आणि आगीचा धोका असतो.

हीटिंग बंद असलेल्या दिवसांसाठी मॅनेजमेंट तात्पुरते हीटर देतं का, ते विचारा. न्यू जर्सीच्या नियमानुसार भाड्याच्या घरांत १ ऑक्टोबर ते १ मे या काळात सकाळी ६ ते रात्री ११ किमान ६८ फॅरनहाइट आणि उरलेल्या वेळी ६५ ठेवावं लागतं, त्यामुळे एप्रिलमध्ये काम काढणाऱ्या इमारती बहुधा ती सोय करतात. साधा इलेक्ट्रिक हीटर १५०० वॅटचा असतो, म्हणजे साडेबारा अँपिअर खेचतो. पंधरा अँपिअरच्या सर्किटवर एकच चालेल, त्याच सर्किटवर कुकर किंवा मायक्रोवेव्ह लावलात की फ्यूज पडणार. एक्स्टेंशन कॉर्डवर तो कधीच लावू नका आणि झोपताना बंद करा.

कामाच्या दिवसांत घरात कोणीतरी मोठं माणूस असावं असं मला वाटतं, निदान भिंत उघडतात आणि बंद करतात त्या दोन दिवशी तरी. चावी देऊन मोकळं होता येतं, पण मग काय झालं ते कळत नाही. आई-बाबा तोवर आलेच असतील तर त्यांना एकट्याने त्या माणसांसमोर बसवू नका आणि कोणत्याही कागदावर सही करायची नाही, हे निक्षून सांगा. 'सर, साइन हिअर' म्हणून पुढे केलेला कागद काम पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र असू शकतो.

त्या दोन दिवशी काय पाहायचं? भिंत उघडली की युनिटच्या बाजूची छतातली आणि फरशीतली भोकं बघा, ज्यांतून पाइप वरखाली जातो. नवा पाइप बसल्यावर त्याच्याभोवतीची फट आगरोधक सीलंटने पूर्ण बुजवलेली असली पाहिजे. हे शोभेचं काम नाही. खालच्या घरात आग लागली तर धूर याच फटीतून वर चढतो. भिंत बंद झाल्यावर हे कुणालाच दिसणार नाही, म्हणून फोटो काढा. दाबाची चाचणी झाली का, हेही विचारा. लाइन पाण्याने भरून, रोजच्या दाबापेक्षा जास्त दाब देऊन काही तास ठेवतात आणि काटा खाली येतो का ते पाहतात. चाचणी इन्सुलेशन चढवायच्या आणि भिंत बंद करायच्या आधीच झाली पाहिजे. फोरमन घाईत असला तरी एवढं विचारल्याचा राग कोणताही चांगला फोरमन धरत नाही. इन्सुलेशन जोडांवर आणि व्हॉल्व्हवरसुद्धा सलग हवं. तिथे चार इंच पाइप उघडा राहिला तरी जुन्या पाइपाची कथा पुन्हा सुरू होते. जोड ज्योत लावून करत असतील तर स्मोक डिटेक्टर झाकतात. संध्याकाळी ती टोपी काढली आहे का, ते रोज बघा.

सही करायच्या आधी स्वतः युनिट चालवा. पंखा तिन्ही वेगांवर लावा, खडखड होते का ऐका; पाइपात गुळगुळ आवाज येत असेल तर आत हवा अडकलेली आहे, ती काढून घ्या. व्हॉल्व्हपर्यंत हात पोचेल असं दार भिंतीत किंवा पेटीत ठेवलंय का पाहा. फिल्टरचं माप फोनमध्ये लिहून ठेवा. आणि मग त्या ताटाकडे या. कव्हर काढायला सांगा, एक लिटर पाणी मोजून घ्या आणि ड्रेन पॅनमध्ये हळूहळू ओता. पाणी नळीकडे सरकून काही मिनिटांत निघून गेलं पाहिजे. कोपऱ्यात तळं साचून राहिलं तर पेटी समपातळीत बसलेली नाही किंवा नळीला उतार नाही. पुट्टीचा कचरा पडून नळी पहिल्याच दिवशी तुंबलेली मी पाहिली आहे. ही चाचणी तुमच्यासमोर करायला कोणी तयार नसेल तर सही थांबवा आणि कारण ईमेलवर लिहा.

एवढ्यासाठी अडून बसा म्हणतो, कारण एप्रिलमध्ये बसवलेलं युनिट एप्रिलमध्ये चांगलंच चालतं. तेव्हा पाइपात थंड पाणी नसतं, जाळीवर एक थेंब जमत नाही आणि ड्रेन चालतो की नाही हे कळायला मार्गच नसतो. खरी परीक्षा जुलैत होते, दमट हवेत युनिट दिवसरात्र चालतं तेव्हा. फरशीवर डाग आणि खालच्या शेजाऱ्याच्या छतावर ओल दिसते तोवर कंत्राटदार पाच लाइनी पुढे गेलेला असतो, किंवा इमारतच सोडून गेलेला असतो. म्हणून मॅनेजमेंटला आत्ताच लेखी विचारा की वॉरंटी कोणत्या दिवसापासून मोजणार. युनिट बसवल्याच्या दिवसापासून मोजत असतील तर ती संपूर्ण इमारतीचं काम स्वीकारल्याच्या तारखेपासून, निदान पहिला कूलिंगचा हंगाम पार पडेपर्यंत तरी धरावी, अशी मागणी बोर्डाच्या सभेत करा. एकट्याने केलेली मागणी फाइलमध्ये राहते. वरच्या-खालच्या चार घरांच्या सह्या घेऊन गेलात तर बोर्ड ऐकतं, कारण त्यांचं पाणी तुमच्या छतातून येणार असतं आणि तुमचं त्यांच्या.

मे-जूनमध्ये कूलिंग चालू झालं की पहिल्या दमट आठवड्यात पेटीखाली कोरडा टिश्यू पेपर ठेवून द्या आणि दोन दिवसांनी बघा. ओला झाला असेल तर लगेच फोटोसह कळवा. आई-बाबांना जूनच्या शेवटी बोलावता आलं तर उत्तम, तोवर हा टिश्यू कोरडा राहतो की नाही ते कळलेलं असेल.